बिनपडद्याची गिटार आणि कागदावरचे स्वर

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक दंडक शिकवला जातो : साधन नाही, तर इतिहास नाही. शिलालेख, ताम्रपट, बखर, दप्तरातला एखादा कागद, यांपैकी काहीतरी हाती असल्याशिवाय विधान करू नये. संगीताच्या बाबतीत मात्र हा दंडक फार अडचणीचा ठरतो. तानसेन कसा गात असे, याचे साधन नाही. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँ-हस्सूखाँची तान कशी होती, हे ऐकणाऱ्यांच्या वर्णनांवरून ताडावे लागते. गाणे हवेत विरते. मागे उरते ती आठवण, आणि आठवणीला फुटलेली आख्यायिका.

१८७७ साली एडिसनने ध्वनिमुद्रणाचे यंत्र केले आणि १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेव्हापासून संगीताच्या इतिहासाला प्रत्यक्ष साधन मिळाले. पण साधन हाती असणे वेगळे आणि ते वाचता येणे वेगळे. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या पेटीत मोडी कागदांचे बाड असते. कागद आपला, मजकूर आपला, भाषाही आपलीच; पण वळणा-वळणांची ती अखंड ओळ पाहून नातवाला एक अक्षर लागत नाही. कोणी जाणकार बसून, एकेक अक्षर सोडवून, ते बाळबोधीत उतरवतो, तेव्हा कळते की त्यात एका शेताच्या बांधाचा किंवा एका कर्जाचा चोख हिशेब आहे.

वेगाने वाजवलेले संगीतही असेच मोडीत लिहिलेले असते. ते ऐकून, स्वर न् स्वर सोडवून कागदावर उतरवणे म्हणजे त्याचे बाळबोधीत लिप्यंतर करणे. अमेरिकेतल्या जॅझ वादकांनी ही विद्या शंभर वर्षे जोपासली आहे. तिचा उपयोग काय आणि मर्यादा कोणती, हे सांगण्यासाठी मी एकच वादक निवडला आहे : बेस गिटार वाजवणारा जॅको पास्टोरियस. त्याची कीर्ती वेगासाठी आहे आणि बेफाम आयुष्यासाठीही. कागदावर उतरवलेले त्याचे वादन मात्र काही वेगळीच साक्ष देते.

मागच्या रांगेतले वाद्य

जॅझच्या ताफ्यात बेस हे मागच्या रांगेतले वाद्य. माणसाच्या उंचीचा लाकडी डबल बेस उभा धरून, बोटांनी तार छेडत, खर्जातला आधार द्यायचा, हे त्याचे काम. तो थांबला की उणीव भासते, चालू असला की लक्ष जात नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर या कारागिराने विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी बेस गिटार बाजारात आणली. तिच्या पट्टीवर सतारीसारखे धातूचे पडदे होते. बोट पडद्यामागे दाबले की स्वर चुकायचाच नाही. म्हणून तिचे नावच पडले ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. १९६० साली त्याच कारखान्याची ‘जॅझ बेस’ आली.

याच १९५१ सालच्या १ डिसेंबरला पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाऊन येथे जॅको जन्मला. वडील गायक आणि ड्रमवादक. कुटुंब पुढे फ्लॉरिडातल्या फोर्ट लॉडरडेल परिसरात राहायला गेले आणि मुलगा समुद्रकाठी वाढला. आधी तोही ड्रमच वाजवी. खेळताना मनगट दुखावले आणि तो बेसकडे वळला. पुढे त्याच्या वादनात जो लयीचा करकरीतपणा दिसतो, त्याचे मूळ या ड्रमवादनात शोधता येते.

त्याने आपल्या १९६२ सालच्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकले. खाचा लाकडी लांबीने बुजवल्या. पण वळ्यांच्या खरखरीत तारा उघडे लाकूड खरवडून काढतात. म्हणून पट्टीवर नावांना लावतात तसल्या इपॉक्सीचा कठीण थर दिला. बंदरगावच्या पोराला हे सुचावे यात नवल नाही. बिनपडद्याची बेस गिटार त्याने शोधून काढली असे म्हटले जाते, ते खरे नव्हे. अँपेग कंपनीने १९६६ साली आणि फेंडरने १९७० साली तशी वाद्ये विकायला ठेवली होती. जॅकोचे श्रेय शोधाचे नाही, त्या वाद्याला बोलते करण्याचे आहे. पडदे गेले आणि मींड आली. खर्जातले वाद्य गळ्यासारखे गाऊ लागले.

अडीच मिनिटांचा दस्तऐवज

१९७६ साली त्याच्या नावाची पहिली तबकडी निघाली. तिची सुरुवात ‘डोना ली’ या चिजेने होते. ही मूळ चीज चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकाच्या पंचकाने ८ मे १९४७ रोजी ध्वनिमुद्रित केली होती. रचनाकार म्हणून नाव पार्करचे लागले. त्या ताफ्यात ट्रम्पेट वाजवणाऱ्या माइल्स डेव्हिसने आपल्या आत्मचरित्रात ती आपली असल्याचे म्हटले आहे. तिचा सांगाडा मात्र दोघांचाही नाही. तो १९१७ सालच्या ‘इंडियाना’ या लोकप्रिय गाण्याचा आहे. जॅझमध्ये जुन्या गाण्याची सुरावट टाकून देतात आणि त्याखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांची, मालिका तेवढी ठेवून तिच्यावर नवी सुरावट बांधतात. एकाच रागाच्या चौकटीत नवी बंदिश बांधावी, त्याच्या जवळ जाणारी ही रीत आहे.

स्वतः पार्कर ध्वनिमुद्रिकेच्याच पाठशाळेत शिकला होता. १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगराळ भागात नोकरी करीत असताना त्याने लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका पुन:पुन्हा ऐकून त्यातले वादन तोंडपाठ केले. पुढच्या पिढीने युक्ती काढली : मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांची तबकडी सोळा फेऱ्यांवर लावायची. वेग निम्मा होतो, स्वर एक सप्तक खाली येतो आणि गुंतलेली तान सुटी होते. एकलव्याला गुरूचा मातीचा पुतळा होता. या मंडळींना लाखेची आणि व्हिनाइलची तबकडी होती.

जॅकोची ‘डोना ली’ जेमतेम अडीच मिनिटांची. वाद्ये दोनच : त्याची बेस गिटार आणि डॉन अलियसचे काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उभे क्यूबन ढोल. पियानो नाही, ट्रम्पेट नाही. सॅक्सोफोनसाठी बांधलेली, सेकंदाला सुमारे सात स्वरांची सुरावट मागच्या रांगेतल्या वाद्याने पुढे येऊन वाजवायची आणि वर कॉर्डचा आधार देणारेही कोणी नाही. नुसते ऐकताना थक्क व्हायला होते. पण थक्क होणे म्हणजे समजणे नव्हे.

हार्मोनियमवर सोडवलेले गणित

१९९४-९५ च्या सुमारास मी नोकरीत नवखा होतो. बेळगावच्या कॅम्प भागातला एक गोवेकर तरुण माझ्या ओळखीचा झाला. त्याच्या आजोबांनी गोव्यातल्या चर्चच्या शाळेत पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकले होते. अशाच शाळांतून तयार झालेले गोवेकर वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले. १९५१ सालच्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीतात जो नवा ठसका आहे, त्यामागे चिक चॉकलेट हा असाच एक गोवेकर ट्रम्पेटवादक होता. या तरुणाकडे ‘डोना ली’ची कॅसेट आणि पाच ओळींची वही होती. मला पेटी थोडीफार येते, भातखंडे लिपी वाचता येते. तो म्हणाला, “सर, नुसतं ऐकून कळायचं नाही, उतरवून घ्यायला पाहिजे.”

टेप मागे-पुढे करीत, दोन मात्रा ऐकायच्या, थांबवायचे, पेटीवर स्वर शोधायचा, लिहायचा, पुन्हा ऐकायचे. एका संध्याकाळी चार मात्रांची दोन मापे झाली तरी पुष्कळ. तो पाच ओळींवर लिही आणि मी त्याच्याशेजारी सरगममध्ये. षड्ज धरला तो मूळ चिजेचा, म्हणजे पाश्चात्त्यांचा ए-फ्लॅट.

सरगममध्ये लिहिताना पहिल्याच पानावर कोडे पडले. एकाच स्वराची शुद्ध आणि कोमल रूपे लगोलग येत होती; कोणत्याही रागाच्या हिशेबात ते बसेना. मग तरुणाने खाली कॉर्ड लिहिल्या आणि कोडे उलगडले. पहिले माप षड्जावर उभे आहे. दुसऱ्यात आधाराचा स्वर धैवत होतो आणि त्या कॉर्डमध्ये धैवत, कोमल रिषभ, गंधार व पंचम येतात. तिसऱ्या-चौथ्या मापांत आधार रिषभावर जातो : रिषभ, तीव्र मध्यम, धैवत, षड्ज. पाचव्यात रिषभ, धैवत, षड्ज तेच राहतात. फक्त तीव्र मध्यम जाऊन शुद्ध मध्यम येतो. म्हणजे जे स्वर आम्हाला परके वाटत होते, त्यांना त्या-त्या मापापुरते घर होते. आपल्याकडे षड्ज अढळ असतो आणि राग त्याच्याभोवती फुलतो. इथे जमीनच दर चार-आठ मात्रांनी सरकते आणि वादकाला सरकत्या जमिनीवर तोल सांभाळायचा असतो. बत्तीस मापांनी, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांनी, आवर्तन पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्या घरी यावे लागते.

आता जॅकोच्या उपजेकडे पाहावे. पियानो नसल्यामुळे कॉर्ड कोणीच वाजवत नाही. तरी ती ऐकू येते. कागदावर कारण दिसते. जमीन जिथे सरकते, नेमक्या तिथे तो नव्या कॉर्डचा ओळख पटवणारा स्वर ठेवतो. ज्याला आपण बेफाम म्हणतो, तो प्रत्येक वळणावर घराचा पत्ता सांगत जातो. कानाला जो पूर वाटतो, तो कागदावर पाटाचे पाणी होऊन दिसतो : काढलेल्या सरीतून, ठरल्या वाफ्यात जाणारे. या माणसाविषयी ‘दैवी देणगी’ हा शब्द फार वापरला गेला आहे. देणगी असेल, पण कागद जी साक्ष देतो ती मेहनतीची आहे.

पुढे त्याचे इतर वादन असेच पाहण्यात आले. १९७६ मध्ये तो ‘वेदर रिपोर्ट’ या ताफ्यात गेला. व्हिएन्नात जन्मलेला जो झाविनुल आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांनी १९७० साली तो उभारला होता. जॅझची उपज, रॉकचा ठेका आणि विजेची वाद्ये यांच्या या मिलाफाला ‘फ्यूजन’ म्हणतात. १९७७ च्या ‘हेवी वेदर’ या तबकडीतल्या ‘टीन टाऊन’ या जॅकोच्याच रचनेत मुख्य सुरावट बेसची आहे आणि ध्वनिमुद्रणात ड्रमही त्यानेच वाजवले आहेत. तिची स्वरलिपी पाहिली की मनगट दुखावलेला ड्रमवादक बेसच्या तारांवर कसा परतला, ते दिसते. आपल्याला जवळचा एक धागाही इथे आहे. झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ उभी करणारा गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन मार्च १९७९ मध्ये क्यूबातल्या हवाना येथे जॅको आणि ड्रमवादक टोनी विल्यम्स यांच्यासह एकाच मंचावर वाजवला होता.

शंकरपाळे आणि फुल्या

कागदाची साक्ष मोठी आहे. पण ती पुरी नाही.

पहिल्या तबकडीतच ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही एकट्या बेसवर वाजवलेली रचना आहे. ट्रेसी ही त्याची पहिली पत्नी. तंबोऱ्याजवळ बसणाऱ्यांना ‘स्वयंभू गंधार’ ठाऊक असतो : खर्जाची तार छेडली की कोणी न वाजवता त्यातून गंधार उमटतो. मूळ कंपनाच्या पाचपट वेगाने तीच तार थरथरते, तो हा स्वर. तारेच्या नेमक्या बिंदूवर बोट दाबायचे नाही, नुसते टेकवायचे. मग मूळ स्वर गप्प होतो आणि आत दडलेला स्वर घंटेसारखा वर येतो. व्हायोलिन-गिटारवाल्यांना ही क्रिया पूर्वीपासून माहीत होती. जॅकोने असे घंटास्वर आणि दाबलेले खर्जस्वर एकत्र गुंफून बेसवर अख्खी रचना उभी केली.

ती लिहायची कशी? पाच ओळींच्या पद्धतीत घंटास्वरासाठी शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह काढतात. पण बोट जिथे टेकते ती जागा एक आणि ऐकू येणारा स्वर दुसराच. म्हणून कधी दोन्ही लिहावे लागतात, वाजवण्याचे एक आणि ऐकण्याचे एक. दुसरी अडचण मुक्या स्वरांची. जॅको दोन स्वरांच्या मध्ये तार बोटाने दाबून नुसता ‘टक्’ असा आघात काढतो. तबल्यातल्या बंद बोलासारखा. त्याला उंची नाही, फक्त लय आहे. कागदावर तिथे फुली मारतात. पण सगळा ठेका या फुल्यांवर उभा असतो. फुल्या वगळून वाजवा, स्वर सगळे बरोबर येतील आणि गाणे मेलेले असेल.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. पडदे काढलेल्या पट्टीवर स्वर बिंदूसारखा नसतो. बोट त्याच्यापर्यंत कुठून आले, किती हलले आणि कुठे विसावले, यात त्याची ओळख असते. १९७६ च्या ‘हेजिरा’ या तबकडीत जोनी मिचेलच्या आवाजाशेजारी त्याचा बेस ऐकावा. ती दोन गळ्यांची जुगलबंदी वाटते. पाच ओळींत बारा स्वरांच्या जागा आहेत, दोन जागांमधल्या वाटेसाठी एक तिरकी रेघ. रेघ सांगते की वाट आहे. कशी चालली ते सांगत नाही.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. मौलाबक्षांनी बडोद्यात १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाखाली गायनशाळा सुरू केली आणि चिजा लिपीत बांधल्या. आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांची लिपी वेगळी. भातखंड्यांनी घराण्या-घराण्यांतून चिजा मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. त्यांच्याच प्रेरणेने बडोद्यात १९१६ साली संगीत परिषद भरली आणि ग्वाल्हेरला १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय उघडले. मींडेसाठी त्यांनी स्वरांवर कमान काढली, कणस्वर बारीक अक्षरात वर लिहिला. लिपीत गाणे मावत नाही, हा उस्तादांचा आक्षेप खरा होता. पण लिपी नसती तर कितीतरी चिजा त्यांच्या धन्यांबरोबरच गेल्या असत्या, हेही तितकेच खरे.

माझे मत असे की कागदाची खरी किंमत त्याच्या अपुरेपणातच आहे. जोवर लिहीत नाही, तोवर वादनातले कुठले सर्वांचे आणि कुठले त्या माणसाचे, हे वेगळे करता येत नाही. लिहून झाल्यावर जे कागदावर येते ते परंपरेचे, शिकता-शिकवता येणारे. लिहूनही जे बाहेर उरते ते त्याचे एकट्याचे. जॅकोचा जॅकोपणा कुठे आहे, हे आम्हाला वही भरल्यावर कळले; आणि तो वहीत नव्हता.

उरते काय

१९८२ मध्ये जॅकोच्या मनोविकाराचे निदान झाले. कधी उन्मादाची, कधी खिन्नतेची टोके गाठणारा तो आजार होता, आणि दारूने तो वाढवला. ताफा सुटला, कुटुंब दुरावले, काही काळ तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर राहिला. १९८६ साली ती बिनपडद्याची गिटार चोरीला गेली. सप्टेंबर १९८७ मध्ये फोर्ट लॉडरडेलजवळच्या एका क्लबाबाहेर झालेल्या मारहाणीत तो बेशुद्ध पडला आणि २१ तारखेला वारला. वय पस्तीस. गिटार वीसेक वर्षांनी न्यूयॉर्कमध्येच सापडली आणि ‘मेटॅलिका’चा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो याच्या मदतीने कुटुंबाकडे परतली.

एवढ्या धुळधाणीतून वादन मात्र सुटले नाही. ध्वनिमुद्रिका होत्या आणि त्यांच्यापुढे वही घेऊन बसणारे विद्यार्थी होते. त्याच्या वादनाच्या स्वरलिपी छापल्या गेल्या आणि आज देशोदेशीची मुले त्या समोर ठेवून बोटे घासतात. त्याने स्वतःही हे ऋण फेडले होते. १९८१ च्या ‘वर्ड ऑफ माउथ’ या तबकडीत त्याने बाखची ‘क्रोमॅटिक फँटसी’ बेसवर वाजवली आहे. बाख १७५० साली वारला. त्याच्या हाताचा एक स्वरही कोणी ध्वनिमुद्रित केलेला नाही. फक्त कागद होता. त्या कागदावरून सव्वादोनशे वर्षांनी फ्लॉरिडातल्या समुद्रकाठच्या मुलाने ते स्वर उठवले.

आपल्या घरांपुरता याचा अर्थ सरळ आहे. आपल्या भागात आजीची ओवी मराठीत सुरू होते, मध्येच एखादा कन्नड किंवा कोंकणी शब्द घेते आणि तिची चाल पलीकडच्या गावात वेगळी असते. आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, त्यामुळे आवाज साठतो आहे. पण साठवलेला आवाज हा पेटीतला मोडी कागद आहे. कोणीतरी बसून सोडवला नाही, तर तो पेटीतच राहील. गेली काही वर्षे आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून मी नववीच्या मुलांना घरातले एकच गाणे उतरवून आणायला सांगतो. शब्द बहुतेक जण आणतात. चाल लिहिणारे दोन-चारच निघतात, तेही कोणाच्या तरी पेटीची मदत घेऊन. गेल्या वर्षी एका मुलीने पाळण्याच्या आठ ओळी सरगममध्ये लिहून आणल्या आणि एका जागी फुली मारली. ही काय, असे विचारले, तर म्हणाली, “इथं आजी थांबते, सर. स्वर नाही, पण ती थांबते.”

त्या वहीवर मी पूर्ण गुण दिले.